इंटर्नशिपला निघालात? भोसरी-चाकणच्या कारखान्यांत येणाऱ्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

दर वर्षी परीक्षा संपल्या की आमच्या गेटपाशी पाठीला सॅक लावलेली चार-सहा मुलं उभी दिसतात. वॉचमन रजिस्टरमध्ये नावं लिहून घेतो आणि मला फोन करतो, "साहेब, तुमची पोरं आलीत." मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. 2003 साली डिप्लोमा करताना मीही असाच एका गेटवर उभा होतो. पोरं बदलतात, प्रश्न तेच येतात, म्हणून एकदा लिहून काढले. मेकॅनिकल, प्रॉडक्शन, ऑटोमोबाइलवाल्यांना हे थेट लागू आहे. बाकीच्यांसाठी खाली एक वेगळा प्रश्न ठेवलाय.

इंटर्नशिप, ओजेटी, अप्रेंटिसशिप हे सगळं एकच का?

नाही. हा घोळ आधी मिटवा, कारण तुमचे हक्क त्यावर ठरतात.

इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचा भाग. तुम्ही विद्यार्थीच राहता, कॉलेज पत्र देतं, गुण किंवा क्रेडिट मिळतात. पॉलिटेक्निकच्या आय स्कीम या अभ्यासक्रमात चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचं ट्रेनिंग होतं. स्कीम बदलली की कालावधीही बदलतो, तेव्हा सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, विभागात विचारा. नव्या शैक्षणिक धोरणात बीए, बीकॉम, बीएस्सीला आलेलं ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी, त्याच जातीचं: चार क्रेडिट, एका क्रेडिटला 30 तास, एकूण 120 तास.

अप्रेंटिसशिप 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली होते. तिचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि ठरवून दिलेलं किमान विद्यावेतन द्यावंच लागतं. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर कंपनीला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. "तुला अप्रेंटिस म्हणून घेतलंय" असं कोणी नुसतं तोंडी म्हणालं, तर कराराची प्रत मागा. प्रत निघाली नाही तर तुम्ही अप्रेंटिस नाही, एवढं समजून चला.

घरात कोणीच कंपनीत नाही. जागा मिळवायची कशी?

ओळख नाही असं म्हणणाऱ्या निम्म्या मुलांची ओळख असते, त्यांनी विचारलेलं नसतं. सोसायटीतले एखादे काका मोठ्या कंपनीत असतील तर "तुमच्या कंपनीत लावा" म्हणू नका, ते त्यांच्या हातात नसतं. "तुम्हाला माल पुरवणारे व्हेंडर कोण?" असं विचारा. मोठ्या कंपनीच्या मागे अशा छोट्या वर्कशॉपची रांग असते. तिथे मालक स्वतः फोन उचलतो आणि होय-नाही त्याच फोनवर सांगतो.

काहीच नसेल तर पायी फिरा. कॉलेजच्या पत्राच्या आठ-दहा प्रती घ्या आणि सकाळी अकराच्या सुमाराला जा. शिफ्ट बदलताना किंवा जेवणाच्या सुट्टीत गेलात तर वॉचमनच परत पाठवेल. भोसरी-पिंपरी भागात गुरुवारी जाऊ नका. इथे बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वेगवेगळ्या वारांना वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीतून ती आली आणि मग टिकलीच. दर वर्षी एखादा पोरगा गुरुवारी बंद गेट बघून "एमआयडीसीत मंदी आहे" अशी बातमी घेऊन घरी जातो.

आत घेतलं तर बोलायला दीड मिनिट मिळतं. परवा एक मुलगी आली, ती म्हणाली, "सर, मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला सहा आठवडे हवेत, दोन तारखेपासून. ड्रॉइंग वाचता येतं, व्हर्नियर हाताळलाय. अपघात विमा कॉलेजने काढलाय, ही प्रत." एवढंच. मला पुढे विचारायला काही उरलंच नाही. तिच्या आधी आलेला मुलगा "सर, काहीही चालेल" म्हणत होता. काहीही चालणाऱ्याला कुठे बसवायचं हे मलाही सुचत नाही.

मोठ्या नावाची कंपनी बरी की छोटं वर्कशॉप?

सर्टिफिकेट फ्रेम करायचं असेल तर मोठी. शिकायचं असेल तर साधारण पन्नास ते दोनशे माणसांची, हे माझं मत, आणि मी स्वतः अशाच कंपनीत आहे हे लक्षात घेऊन ते ऐका.

मोठ्या प्लांटमध्ये शिस्त बघायला मिळते: सेफ्टी, कागदपत्रं, लाइन कशी पळते ते. पण इंटर्नला बऱ्याचदा एका कोपऱ्यात, एका स्टेशनवर सहा आठवडे काढावे लागतात. मध्यम कारखान्यात सकाळी बार स्टॉक, म्हणजे पोलादाचे दांडे, ट्रकमधून उतरताना दिसतो आणि संध्याकाळी त्याच बारचे जॉब, म्हणजे तयार भाग, खोक्यात भरताना दिसतात. मधलं सगळं, सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन), ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंटला बाहेर पाठवणं, परत आल्यावर हार्डनेस बघणं, पॅकिंग, एकाच छपराखाली किंवा दोन गल्ल्यांत. अगदी पाच-सात माणसांच्या गाळ्यात मात्र धोका आहे. तिथे तुम्हाला हेल्पर म्हणून वापरून घेतील. वाईट हेतूने असं नाही, तिथे हात कमीच असतात.

पैसे भरून घरबसल्या सर्टिफिकेट मिळतं म्हणे. घेऊ का?

नका घेऊ. मुलाखतीत आम्ही दोनच प्रश्न विचारतो: कोणत्या मशीनवर होतास आणि त्या मशीनवर काय काय बिघडायचं? दुसऱ्या प्रश्नाला विकतचं सर्टिफिकेट गप्प बसतं.

स्टायपेंड मिळतो का? मागितला तर वाईट दिसेल का?

विचारण्यात गैर काही नाही, फक्त रुजू व्हायच्या आधी विचारा. "स्टायपेंड, कँटीन, बस, यापैकी काय मिळेल?" असा सरळ प्रश्न करा. अभ्यासक्रमातल्या छोट्या इंटर्नशिपला बऱ्याच लहान कारखान्यांत रोख काही मिळत नाही, जेवण आणि चहा मिळतो. पासचा खर्च, जेवण आणि जाण्यायेण्याचे तास मांडून मग ठरवा. हडपसरहून चाकणला रोज येणाऱ्या मुलाचा जीव प्रवासातच जातो. त्याने घराजवळचं साधं वर्कशॉप पकडलेलं बरं.

आणि उलट बाजू: तुम्हाला नियमित उत्पादनावर पूर्ण शिफ्ट उभं करत असतील, टार्गेट देत असतील आणि हातात काहीच पडत नसेल, तर ते ट्रेनिंग नव्हे, फुकट मजुरी आहे. कॉलेजच्या समन्वयकाला कळवा.

सरकारी योजनांचा फायदा होईल का?

शिकत असताना नाही, शिक्षण संपल्यावर होऊ शकतो. महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली. सुरुवातीला सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि दरमहा विद्यावेतन बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधरांना 10,000 रुपये असं तिचं स्वरूप होतं. शिक्षण चालू असलेल्यांना ती नाही. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तीही पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरचे चालू नियम वाचा, अटी आणि रकमा बदलत राहतात.

पहिल्या दिवशी काय न्यायचं?

कॉलेजचं पत्र, आधारची प्रत, दोन फोटो, विम्याची प्रत. सुती शर्ट-पँट. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, हातातला कडा-दोरा घरी ठेवा, फिरत्या चकपाशी (मशीनचा जॉब पकडून फिरणारा भाग) यातलं काहीही जीवावर बेतू शकतं. केस लांब असतील तर घट्ट बांधून टोपीत. सेफ्टी शूज कंपनी देणार का ते आधी विचारा, कारण स्पोर्ट्स शूजवर शॉपमध्ये सोडत नाहीत. वय अठरा पूर्ण नसेल तर तेही आधीच सांगा, काही कंपन्या अशांना शॉपफ्लोअरवर घेतच नाहीत आणि ते पहिल्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणि एक खिशात मावणारी वही. तिच्याबद्दल खाली सविस्तर.

पहिला आठवडा नुसतं बसवून ठेवलंय. कोणी लक्षच देत नाही. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कारखान्यात तुम्हाला शिकवणं हे कोणाचंच काम नसतं. सुपरवायझरच्या डोक्यावर आजचं डिस्पॅच असतं, माझ्या डोक्यावर ग्राहकाकडून आलेली तक्रार. तुमच्यासाठी वेळ काढणं आम्हाला महाग पडतं. तो वेळ स्वस्त करणं एवढंच तुमच्या हातात आहे.

म्हणजे काय, तर "सर, मला काहीतरी शिकवा" असं म्हणू नका. त्याला तास लागतो आणि तास कोणाकडेच नसतो. सकाळभर एका मशीनपाशी उभे राहा, बघा, लिहा आणि चहाच्या वेळी एकच नेमका प्रश्न घेऊन जा: "सर, चार नंबरच्या मशीनवर दर पंचवीस जॉबनंतर ऑपरेटर थांबतात आणि काहीतरी बदलतात. इन्सर्ट का? मग पंचवीसच का?" (इन्सर्ट म्हणजे टूलचं बदलता येणारं धारेचं पातं.) अशा प्रश्नाला दोन मिनिटं लागतात. आणि असा प्रश्न आला की माणूस दोन मिनिटांचे दहा करतो, कारण आपलं काम कोणीतरी नीट बघितलंय याचं सगळ्यांनाच बरं वाटतं. मलाही वाटतं.

मोकळा वेळ असेलच तर तीन गोष्टी मागून घ्या, ज्या द्यायला कोणाचं काही जात नाही: जुन्या जॉबची ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं त्याचा तक्ता) आणि रिजेक्शनचं रजिस्टर. तिसरं सगळ्यात चांगलं. कारखाना कुठे दुखतो ते त्यात तारखेवार लिहिलेलं असतं.

ऑपरेटर नीट बोलत नाहीत. त्यांना काय म्हणून हाक मारायची?

वडीलधाऱ्यांना मामा किंवा काका, तरुणांना दादा. इंजिनियर-सुपरवायझरना सर-मॅडम. उत्तर भारतातून आलेल्या ऑपरेटरना "भैया" म्हणण्याआधी त्यांचं नाव विचारा आणि नावापुढे "जी" लावा. भैया शब्द इथे कधी कोणत्या सुरात निघतो हे तुम्हालाही माहीत आहे.

ते बोलत नाहीत याला कारण असतं. बऱ्याच जणांना वाटतं की हा पोरगा वही घेऊन उभा आहे म्हणजे आपल्या कामाचा टाइम काढतोय, उद्या टार्गेट वाढणार. त्यांची ती भीती खोटी नाही. जाऊन आधी सांगा, "मामा, मी कॉलेजचा आहे, सहा आठवड्यांनी जाणार. शिकायला आलोय." घड्याळ काढायच्या आधी परवानगी मागा. आणि जॉब उचलून ठेवायला हात लावा. आमच्याकडे टर्निंगला एक मामा आहेत, आवाजावरून सांगतात की इन्सर्टची धार गेली. चिप, म्हणजे कापताना निघणारा कीस, निळी पडायला लागली की ते मान वर करतात. हे कोणत्याच पुस्तकात त्यांच्याइतकं बरोबर नाही, आणि ते शिकवतात फक्त त्यालाच जो त्यांच्याबरोबर डबा खातो. स्टाफच्या टेबलावर जेवणारी मुलं हे घालवतात.

वहीत नक्की काय लिहू? डायरी तर कॉलेजने दिलीच आहे.

कॉलेजची डायरी सहीसाठी असते. खिशातली वही तुमच्यासाठी. "आज सीएनसी विभागाला भेट दिली, खूप काही शिकायला मिळालं" हे दोन्हींत लिहू नका, त्याचा कोणाला उपयोग नाही.

एका मुलाच्या वहीतलं पान मी त्याला विचारून फोटो काढून ठेवलंय. साधारण असं होतं (सेटिंग म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन लावणं, सेटर ते करणारा, जॉज म्हणजे जॉब धरणारे जबडे, टूल क्रिब म्हणजे हत्यारांची खोली):

9.10 मशीन थांबलं, सेटिंग बदल
9.14 सेटर आला
9.25 जॉज आणायला टूल क्रिबला गेला
9.41 परत
9.58 ॲलन की सापडेना
10.07 सापडली, शेजारच्या मशीनवर होती
10.24 पहिला जॉब तयार, क्वालिटीकडे
10.38 ओके, मशीन सुरू

एवढंच. ना मत, ना भाषण. पण बेरीज करा. मशीन 88 मिनिटं बंद होतं. त्यातली 4 सेटरची वाट बघण्यात, 16 जॉज आणण्यात, 9 चावी शोधण्यात आणि 14 क्वालिटीच्या ओकेसाठी गेली. 43 मिनिटं मशीनला कोणी हातही लावला नव्हता. शेवटची 14 मिनिटं माझ्या विभागाची होती, हे त्याने मला माझ्याच टेबलावर दाखवलं. कान जरा गरम झाले, पण दुसऱ्या दिवशी पहिल्या जॉबसाठी वेगळा ट्रे ठेवला.

मग प्रोजेक्ट म्हणून काय करावं? ऑटोमेशन, एआय असं काही?

सहा आठवड्यांत रोबोट बसत नाही. वरचं पान हाच प्रोजेक्ट आहे. जपानी अभियंते शिगिओ शिंगो यांनी सेटिंगचा वेळ कमी करायची जी पद्धत मांडली, तिला स्मेड म्हणतात. तिचं मूळ साधं आहे: मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं एकीकडे, मशीन चालू असताना आधीच उरकता येणारी दुसरीकडे. जॉज आणि चावी आधीच ट्रॉलीत आणून ठेवली की वरच्या पानातली 25 मिनिटं वाचतात. खर्च एका ट्रॉलीचा.

दुसरा चांगला विषय म्हणजे एका मशीनची ओईई, म्हणजे कामाच्या वेळातला किती टक्के चांगले जॉब काढण्यात गेला ते, काढणं. समजा शिफ्टमध्ये कामाची 450 मिनिटं आहेत, एका जॉबला 2 मिनिटं लागतात आणि दिवसअखेर 163 चांगले जॉब निघाले. 163 गुणिले 2 म्हणजे 326 मिनिटांचं चांगलं काम, भागिले 450, म्हणजे 72 टक्के. उरलेले 28 टक्के कुठे गेले? मशीन बंद होतं, हळू चाललं की जॉब रिजेक्ट झाले? याची विभागणी करून आठ दिवसांचा तक्ता दिलात तर कोणताही मॅनेजर तो वाचेल. एआयवरचं पंचवीस पानी प्रेझेंटेशन तो वाचणार नाही.

विषय निवडताना कसोटी एकच लावा: यातला आकडा मी स्वतः रोज मोजू शकतो का?

व्हर्नियर-मायक्रोमीटर कॉलेजमध्ये केलंय. त्यात अजून काय शिकायचं?

मलाही असंच वाटायचं. माझ्या ट्रेनिंगमध्ये, कंपनीचं नाव नको, मला 50 मिलिमीटरचा शाफ्ट मोजायला दिला. ड्रॉइंगवर एच-सहा टॉलरन्स, म्हणजे वरची मर्यादा 50.000 आणि खालची 49.984. एकूण 16 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 16 हजारांश. मी मशीनमधून निघालेला जॉब तसाच उचलला. कूलंट नीट लागत नव्हतं, जॉब हाताला चांगला गरम होता. मायक्रोमीटरवर 49.992 आलं. मस्त मधोमध. ओके लिहिलं. असे तीस जॉब ओके केले.

जेवणानंतर तेच जॉब सीनियरने मोजले आणि सगळे मर्यादेखाली. पोलाद तापलं की वाढतं: मीटरमागे, एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन. 50 मिलिमीटर जॉब, 20 अंश जास्त गरम, म्हणजे साडेअकरा मायक्रॉनचा फरक. माझं 49.992 थंड झाल्यावर 49.980 झालं होतं. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस असतं हे मी परीक्षेत एका गुणासाठी लिहिलं होतं. तीस शाफ्ट स्क्रॅपमध्ये गेले तेव्हा ते कळलं.

तेव्हा शिकायला खूप आहे. जॉब पुसायचा, बर, म्हणजे काठावर उरलेली खरबरीत धार, काढायचा, थंड होऊ द्यायचा, मायक्रोमीटरचा झीरो बघायचा, रॅचेटनेच, म्हणजे टोकाच्या टकटक वाजणाऱ्या गुंडीनेच, फिरवायचा. आणि टॉलरन्स बघून साधन निवडायचं: 0.02 लीस्ट काउंटच्या व्हर्नियरने 0.016 टॉलरन्स मोजायला जाऊ नका. दर वर्षी कोणीतरी जातंच.

माझ्याकडून चूक झाली, जॉब बिघडला तर?

लगेच सांगा, आणि जॉब बाजूला लाल ट्रेमध्ये ठेवा. चांगल्या मालात मिसळलेला एक खराब जॉब शोधायला सगळा लॉट पुन्हा तपासावा लागतो. वरच्या तीस शाफ्टनंतर मला बोलणी बसली, पण ट्रेनिंग सुटलं नाही. न सांगता लपवलेल्या मुलाचं सुटतं.

मशीन स्वतःहून चालू करायचं मात्र नाही. ऑपरेटर म्हणाला तरी नाही. मशीन चालू असताना चिप हाताने ओढायची नाही. हा प्रश्न चर्चेचा नाही.

फोटो काढले, स्टेटसला टाकले तर चालतं का?

विचारल्याशिवाय नाही. ड्रॉइंग ग्राहकाचं असतं, कंपनीचंही नाही. गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात ते उगाच नाही. रिपोर्टमध्ये आकृती हवी असेल तर हाताने स्केच काढा, ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर गाळा, आणि द्यायच्या आधी एकदा आम्हाला दाखवा.

माझं इंग्रजी कच्चं आहे. अडेल का?

शॉपवर नाही. तिथे मराठी-हिंदी आणि निम्मे इंग्रजी शब्द असंच चालतं. मेल लिहिताना अडेल. म्हणून सहा आठवड्यांत रोज संध्याकाळी आजच्या कामाचा चार ओळींचा मेल इंग्रजीत लिहून मेंटरला पाठवा. तीसेक मेल झाले की हात बसतो. इंटर्नशिपमधून एवढं एकच घेऊन गेलात तरी खूप झालं.

मी मुलगी आहे. शॉपफ्लोअरवर घेतील का? त्रास झाला तर?

घेतात. आमच्या असेंब्ली आणि इन्स्पेक्शनला मुली वर्षानुवर्षं आहेत, मशीनवरही आहेत. तरी रुजू व्हायच्या आधी तीन गोष्टी विचारा: स्वच्छतागृह शॉपजवळ आहे का, शिफ्ट किती वाजता सुटते, बस घराच्या किती जवळ सोडते. ही विचारणा नखरा वाटत असेल असा कारखाना सोडून द्या.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा 2013 चा कायदा तुम्हालाही लागू आहे. त्यात कर्मचाऱ्याच्या व्याख्येत ट्रेनी आणि अप्रेंटिसही येतात, पगार मिळत नसला तरी. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते आणि तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर असतात. लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. "सहा आठवड्यांचाच प्रश्न आहे" म्हणून सोसू नका, कॉलेजलाही त्याच दिवशी कळवा.

सेकंड शिफ्टला बसवलं तर जाऊ का?

घरचं आणि बसचं जमत असेल तर एक आठवडा जरूर करा. दिवसा सगळे साहेब असतात, म्हणून सगळं सुरळीत दिसतं. कारखाना खरा कसा चालतो ते रात्री नऊला कळतं, जेव्हा मशीन बंद पडतं आणि मेंटेनन्सचा एकच माणूस असतो.

मी बीकॉमची आहे, ओजेटी करायचीय. यातलं मला काय लागू?

वही आणि चहाच्या वेळचा प्रश्न, दोन्ही जसंच्या तसं. कारखान्यातच यायचं असेल तर स्टोअर आणि परचेस मागून घ्या. एक खरेदी ऑर्डर पकडा आणि तिच्यामागे फिरा: ऑर्डर निघाली, माल गेटवर आला, मालाची पोच झाली, क्वालिटीने पास केला, बिल अकाउंट्सला गेलं, जीएसटी लागला, पैसे गेले. ऑर्डर, पोच आणि बिल या तिन्ही कागदांवरची संख्या जुळते का ते बघा. 120 तासांत अशा दहा ऑर्डरी शेवटपर्यंत बघितल्यात तर टॅलीत नुसत्या एंट्र्या मारणाऱ्यापेक्षा तुम्ही खूप पुढे असाल.

रिपोर्ट कधी लिहू?

तिसऱ्या आठवड्यापासून. कंपनीची माहिती एक पान पुरे, वेबसाइटवरून उतरवलेली दहा पानं परीक्षक उलटतोच. बाकी सगळं तुमच्या वहीतून येऊ द्या. तोंडी परीक्षेत रिपोर्टमधल्या प्रत्येक आकड्याला "हा कुठून आला?" असं विचारणारच आहेत.

इंटर्नशिपनंतर तिथेच नोकरी लागते का?

लागू शकते, पण त्या आशेवर सहा आठवडे साहेबांच्या मागे फिरू नका. आमच्याकडे जागा निघाली की सुपरवायझर आधी विचारतो, "ते मागल्या वर्षीचं पोरगं काय करतंय?" हे पोरगं म्हणजे रोज वेळेवर आलेलं. एवढंच लक्षात राहिलेलं असतं, गुण कोणालाच आठवत नाहीत. निकाल लागला की एक मेसेज टाका, आणि दिवाळीला एक. महिन्याला नको.

शेवटच्या दिवशी पेढे न्यावेत का?

न्या, पण केबिनमध्ये देऊन संपवू नका. अर्धा किलो कमी आणा पण मशीनपर्यंत जा, आणि दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरसाठी थोडे टूल क्रिबमध्ये ठेवून जा. मामांचा नंबर घ्या. मग गेट पास, हेल्मेट, लॉकरची चावी आणि घेतलेला व्हर्नियर परत करून प्रत्येकाची सही घ्या. गेल्या वर्षी एकाचं सर्टिफिकेट दोन आठवडे अडलं होतं, लॉकरची चावी त्याच्या सॅकच्या पुढच्या खिशात सापडली.